इंग्रजी क्रियापद आणि क्रियाविशेषण यांची संगत : नित्य व्यवहारातील उपयोजनाचा विचार

प्रास्ताविक

शालेय इंग्रजी व्याकरणात क्रियाविशेषणाचा पाठ बहुधा एका व्याख्येने सुरू होतो आणि एका प्रत्ययाने संपतो. क्रियेविषयी विशेष माहिती सांगणारा शब्द म्हणजे क्रियाविशेषण, ही ती व्याख्या. आणि विशेषणाला ‘ली’ जोडला की ते सिद्ध होते, हा तो प्रत्ययविधी. पदवीच्या वर्गापर्यंत आलेला विद्यार्थी ‘स्लो’चे ‘स्लोली’ आणि ‘हॅपी’चे ‘हॅपिली’ सहज करतो, परीक्षेत त्याचे गुणही मिळवतो. पुढे नोकरीच्या अर्जात आपण कष्टाळू आहोत हे सांगण्याची वेळ आली की तोच विद्यार्थी ‘आय वर्क हार्डली’ असे लिहितो. वाचणाऱ्याला मात्र त्यातून अर्जदार जेमतेमच काम करतो, असे सुचते. शिकवलेल्या नियमाचे त्याने तंतोतंत पालन केलेले असते, हीच यातील अडचण होय.

क्रियाविशेषण म्हणजे काय, हे या पाठात सांगितले जाते. परंतु कोणते क्रियाविशेषण कोणत्या क्रियापदाच्या सोबत राहते आणि वाक्यात कोठे बसते, हे बहुधा सांगायचे राहून जाते. इंग्रजी मातृभाषा असलेला माणूस हे लहानपणापासून कानाने शिकतो. मराठी विद्यार्थ्याला ती सोय नसल्याने तो आपल्या भाषेतील घडण इंग्रजीत नेतो. ही घडण कोठे उपयोगी पडते आणि कोठे दगा देते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

‘ली’ प्रत्ययाची मर्यादा

प्राचीन इंग्रजीत विशेषणापासून क्रियाविशेषण घडविण्याचे दोन मार्ग होते. शब्दाच्या शेवटी ‘ए’ हा स्वर जोडणे हा एक, आणि ‘लीचे’ हा प्रत्यय लावणे हा दुसरा. मध्ययुगीन इंग्रजीत अंत्य स्वर उच्चारातून लोपला, त्यामुळे पहिल्या मार्गाने सिद्ध झालेली क्रियाविशेषणे आणि त्यांची मूळ विशेषणे दिसायला एकसारखीच झाली. ‘फास्ट’, ‘हार्ड’, ‘लेट’ हे शब्द त्या जुन्या व्यवस्थेचे अवशेष आहेत. ‘लीचे’पासून आजचा ‘ली’ आला आणि पुढे तोच प्रबळ ठरला. काही ठिकाणी दोन्ही रूपे टिकली. परंतु त्यांनी अर्थाची वाटणी करून घेतली. ‘हार्ड’ म्हणजे कष्टाने, तर ‘हार्डली’ म्हणजे जेमतेम. ‘लेट’ म्हणजे उशिरा, ‘लेटली’ म्हणजे अलीकडे. ‘फास्टली’ तर प्रचलित प्रमाण इंग्रजीत वापरलाच जात नाही. घाटातल्या रस्त्यावरील ‘गो स्लो’ ही पाटी पाहून ती व्याकरणदृष्ट्या चुकीची आहे, असे सांगणारे शिक्षक भेटतात. वास्तविक ते जुन्या घडणीचे रूप आहे आणि बोलण्यात ते आजही सर्रास चालते.

शब्दांची संगत

‘ढसाढसा’ हे मराठी क्रियाविशेषण ऐकताच पुढचे क्रियापद मनात उभे राहते, ते म्हणजे रडणे. कोणी ढसाढसा हसत नाही. हसायचे ते खळखळून, पाणी प्यायचे ते घटाघटा, भेटायचे ते कडकडून आणि विरोध करायचा तो कडाडून. झोप ‘गाढ’ असते. ‘खोल झोपला’ असे म्हणणाऱ्याचा अर्थ कळतो, पण त्याची मराठी शिकाऊ वाटते. या जोड्या व्याकरणाच्या कोणत्याही नियमाने सिद्ध करता येत नाहीत. त्या रूढीने ठरलेल्या आहेत आणि मराठी भाषक त्या पूर्णपणे जाणतो. इंग्रजीत याच गोष्टीला ‘कोलोकेशन’ म्हणतात; मराठीत तिला शब्दसंगत म्हणता येईल.

या संकल्पनेचा उगम जितका सिद्धान्तात आहे तितकाच अध्यापनात आहे. जपानमध्ये इंग्रजीच्या अध्यापनाचे काम करणारे हॅरल्ड पामर यांनी १९३३ साली टोकियो येथून इंग्रजी शब्दसंगतींविषयीचा अहवाल प्रसिद्ध केला. परक्या भाषकाला सुटे शब्द आणि नियम देऊन भागत नाही, हा अनुभव त्यामागे होता. पुढे १९५१ साली जे. आर. फर्थ यांनी, शब्दाच्या अर्थाचा एक भाग त्याच्या नेहमीच्या सोबत्यांत असतो, या विचाराला भाषाविज्ञानात स्थान दिले. क्रियापद आणि तीव्रतादर्शक क्रियाविशेषण यांच्यापुरता नेमका अभ्यास सिडनी ग्रीनबॉम यांनी केला; तो १९७० साली ग्रंथरूपाने आला. त्यांची पद्धत साधी होती. इंग्रजी भाषकांना वाक्याचा केवळ आरंभ द्यायचा, म्हणजे ‘मी’ या अर्थाचा शब्द आणि एक क्रियाविशेषण, आणि उरलेले वाक्य त्यांच्याकडून पूर्ण करून घ्यायचे. ‘आय बॅडली’ या आरंभानंतर लोकांनी प्रामुख्याने ‘नीड’ आणि ‘वाँट’ ही क्रियापदे लिहिली. ‘आय एन्टायर्ली’ नंतर ‘अ‍ॅग्री’ आले. ‘ग्रेटली’ने ‘अ‍ॅडमायर’ला ओढून आणले, तर ‘कम्प्लीटली’ने विसरण्याच्या क्रियापदाला. ‘पूर्णपणे’ या एकाच मराठी शब्दाने भाषांतर होईल अशी दोन क्रियाविशेषणे भाषकाच्या मनात अशी वेगवेगळ्या घरी नांदतात.

‘बॅडली’चे उदाहरण विशेष बोलके आहे. शब्दकोशात त्याचा पहिला अर्थ ‘वाईट रीतीने’ असा मिळतो. पण ‘आय बॅडली नीड अ जॉब’ या वाक्यात वाईटपणाचा लवलेशही नाही. तेथे गरजेची तीव्रता आहे. हा अर्थ सुट्या ‘बॅडली’त शोधून सापडत नाही, तो ‘नीड’च्या सोबतीत निर्माण होतो. ‘डीपली’ हे ‘रिग्रेट’, ‘लव्ह’ आणि ‘ब्रीद’ यांच्यासोबत चालते. ‘बिटर्ली’ला ‘क्राय’, ‘कम्प्लेन’, ‘रिग्रेट’ जवळची वाटतात. शिफारस ‘हायली’ किंवा ‘स्ट्राँगली’ होते, विश्वास ‘फर्मली’ असतो, नकार ‘फ्लॅटली’ दिला जातो, आणि आठवण स्पष्ट असेल तर ‘व्हिव्हिडली’, धूसर असेल तर ‘व्हेगली’.

मराठीशी येथे कधी चमत्कारिक साम्य आढळते. ‘साफ विसरलो’ याला बोलीभाषेतील इंग्रजीत ‘आय क्लीन फरगॉट’ असा जवळजवळ शब्दशः प्रतिशब्द आहे. दोन्हीकडे पुसून स्वच्छ केलेल्या पाटीचीच कल्पना असावी. या साम्याने धीट होऊन ‘साफ नाकारले’ याचे ‘क्लीन रिफ्यूज्ड’ केले, तर मात्र फसगत होते. तेथे ‘फ्लॅटली’ हवे.

काही क्रियाविशेषणांना सोबत्यांच्या बाबतीत एक ठरावीक कल असतो. मराठीत ‘सपशेल’ हरता येते, सपशेल आपटता येते. सपशेल जिंकता येत नाही. इंग्रजी ‘अटर्ली’चा कलही बहुतांशी असाच नकाराकडे आणि विनाशाकडे आहे. अमूलच्या लोण्याच्या ‘अटर्ली बटर्ली डिलिशस’ या जाहिरातीतील गंमत यमकात आहे, हे खरेच. पण एरवी वाईट गोष्टींच्या सोबतीत दिसणारा शब्द चवीच्या पंक्तीला आणून बसवला, हाही त्या गमतीचा एक भाग मानावा लागेल.

‘व्हेरी’ विषयीची चूक वेगळ्या प्रकारची आहे. मराठी ‘फार’ हा शब्द विशेषणालाही चालतो आणि क्रियापदालाही : फार सुंदर, फार आवडते. इंग्रजी ‘व्हेरी’ एकटे क्रियापदाला चालत नाही. त्याला ‘मच’ची सोबत लागते. ‘आय व्हेरी लाइक इट’ हे वाक्य म्हणजे इंग्रजी शब्दांत मांडलेले मराठी वाक्य होय.

लहान क्रियाविशेषणे : अप, आउट, ऑफ

नित्य व्यवहारातील इंग्रजीचा सर्वांत मोठा भार ‘ली’कारान्त शब्दांवर नसून ‘अप’, ‘डाउन’, ‘आउट’, ‘ऑफ’, ‘बॅक’ यांसारख्या एकाक्षरी शब्दांवर आहे. क्रियापदाला जोडून आलेल्या या क्रियाविशेषणांनी बनलेल्या रूपाला ‘फ्रेझल व्हर्ब’ म्हणतात. हे नाव लोगन पिअर्सल स्मिथ यांच्या १९२५ सालच्या ग्रंथातून रूढ झाले. ते आपल्याला हेन्री ब्रॅडली यांनी सुचवल्याचे स्मिथ यांनी नमूद केले आहे. मात्र परदेशी माणसाला याच जोड्या सर्वाधिक अवघड जातात, हे सॅम्युएल जॉन्सन यांनी १७५५ सालच्या आपल्या शब्दकोशाच्या प्रस्तावनेतच नोंदवून ठेवले होते.

दिशा दाखविणाऱ्या जोड्यांत मराठी विद्यार्थ्याला अडचण येत नाही. ‘खाली बस’, ‘परत दे’, ‘वर ये’ यांची घडण ‘सिट डाउन’, ‘गिव्ह बॅक’, ‘कम अप’ यांच्यासारखीच आहे. अडचण सुरू होते ती दिशा लोपल्यावर. ‘ईट अप’ आणि ‘यूज अप’ यांत काहीही वर जात नाही. क्रिया पुरी झाली, काही शिल्लक उरले नाही, एवढेच ‘अप’ सांगते. घड्याळाचा गजर ‘गोज ऑफ’ म्हणजे वाजू लागतो. दिवा ‘गोज ऑफ’ म्हणजे विझतो. कागद ‘बर्न्स अप’ आणि घर ‘बर्न्स डाउन’, तरी जळून जाणे दोघांच्या नशिबी सारखेच.

अशा वेळी विद्यार्थी ‘अप’चा मराठी प्रतिशब्द क्रियाविशेषणांत शोधतो आणि तो तेथे मिळत नाही. कारण हे काम मराठीने क्रियाविशेषणाकडे दिलेलेच नाही, ते सहायक क्रियापदाकडे दिले आहे. ‘ईट अप’ म्हणजे खाऊन टाक. ‘टिअर अप’ म्हणजे फाडून टाक. ‘राइट डाउन’ म्हणजे लिहून ठेव, आणि ‘रीड थ्रू’ म्हणजे वाचून काढ. ‘टाकणे’ या क्रियापदाचा मूळ अर्थ ‘खाऊन टाक’ मध्ये जितका उरला आहे, तितकाच ‘वर’ हा अर्थ ‘ईट अप’ मध्ये उरला आहे. हे साम्य प्रत्येक जोडीला लागू पडत नाही. ‘पुट अप विथ’ म्हणजे सहन करणे, हे कोणत्याही युक्तीने उलगडत नाही, ते पाठच करावे लागते. तथापि ‘अप’ निरर्थक आहे, अशी समजूत झालेल्या विद्यार्थ्यापुढे ‘खा’ आणि ‘खाऊन टाक’ ही जोडी ठेवली, तर त्याला फरक तात्काळ जाणवतो.

गतिवाचक क्रियापदांत दोन्ही भाषांची वाटणी अगदी उलटी आहे. ‘मुलगा धावत बाहेर गेला’ या वाक्यात मुख्य क्रियापद जाण्याचे आहे, आणि धावणे ही जाण्याची रीत ‘धावत’ या रूपाने सांगितली आहे. इंग्रजीत रीतच मुख्य क्रियापद होते आणि मार्ग क्रियाविशेषणाकडे जातो : ‘द बॉय रॅन आउट’. लिओनार्ड टाल्मी यांनी १९८५ साली भाषांची जी विभागणी मांडली, तिचा आधार मार्ग क्रियापदात सांगितला जातो की त्याच्या जोडीच्या शब्दात, हाच आहे. मराठी विद्यार्थी ‘ही वेंट आउट रनिंग’ लिहितो. ते वाक्य चूक नाही, पण ऐकणाऱ्याला तो व्यायामासाठी धावायला बाहेर पडला, असे वाटते. त्याचप्रमाणे मराठीत क्रियाविशेषणाने सांगितलेली रीत इंग्रजी पुष्कळदा क्रियापदातच सामावून घेते. लंगडत चालणे हे ‘लिंप’, टक लावून पाहणे हे ‘स्टेअर’, हुंदके देत रडणे हे ‘सॉब’. घटाघटा पिणे यासाठी ‘गल्प डाउन’ आणि बकाबका खाणे यासाठी ‘गॉबल अप’ हे शब्द येतात. म्हणजे रीत क्रियापदात आणि समाप्ती ‘डाउन’ व ‘अप’ मध्ये. ‘ड्रिंक’च्या आधी किंवा नंतर ‘घटाघटा’साठी क्रियाविशेषण शोधत बसण्यात अर्थ नाही.

ही लहान क्रियाविशेषणे शब्दयोगी अव्ययांपासून वेगळी ओळखण्याची एक सोपी कसोटी आहे. ‘शब्दकोशात शब्द पाहिला’ या अर्थी ‘लुक्ड अप द वर्ड’ आणि ‘लुक्ड द वर्ड अप’ ही दोन्ही वाक्ये चालतात. पण कर्म सर्वनाम असेल तर ते मध्येच बसते, ‘लुक्ड इट अप’. ‘लुक्ड अप इट’ होत नाही. उलट ‘अ‍ॅट’ हे शब्दयोगी असल्याने ‘लुक्ड अ‍ॅट इट’ हाच क्रम राहतो. बोलताना ‘अप’वर आघात येतो, ‘अ‍ॅट’वर येत नाही, हा आघात वर्गात मोठ्याने उच्चारून दाखवल्यास फरक लवकर ठसतो.

भारतीय इंग्रजीत या जोड्यांची जी रूपे रुळली आहेत, त्यांना केवळ अज्ञान म्हणून बाजूला सारणे योग्य नाही. प्रत्येकामागे काही कारण आहे. ‘कोप अप विथ’ हे ‘कीप अप विथ’ आणि ‘कॅच अप विथ’ यांच्या साच्यावर बेतलेले आहे. ‘रिटर्न बॅक’ मध्ये ‘परत ये’ मधील ‘परत’ डोकावतो. परतण्याचा अर्थ ‘रिटर्न’मध्ये आधीच आहे, हे त्यात निसटते. ‘ऑफ द लाइट’ ची मुळे तर आजच्या मराठीतच आहेत. मराठी इंग्रजी शब्द उचलताना त्याला ‘करणे’ जोडते, म्हणून ‘लाइट ऑफ कर’ मध्ये सगळा अर्थ ‘ऑफ’कडे आला आणि ‘स्विच’ किंवा ‘टर्न’ हे क्रियापद अनावश्यक झाले. ते वाक्य पुन्हा इंग्रजीत नेताना विद्यार्थ्याजवळ ‘ऑफ’ एवढेच उरते. ‘प्रीपोन’चा मार्ग मात्र निराळा. ‘पोस्टपोन’च्या धर्तीवर भारतात रुळलेल्या या शब्दाला आता ऑक्सफर्डच्या शब्दकोशांतही स्थान मिळाले आहे, तरी ब्रिटनमधील सामान्य माणूस त्या जागी ‘ब्रिंग फॉरवर्ड’ ही क्रियापद-क्रियाविशेषणाची जोडीच वापरतो.

डग्लस बायबर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या बृहद् व्याकरणात, प्रत्यक्ष वापरातील इंग्रजीच्या मोठ्या संग्रहाच्या आधारे, ‘फ्रेझल व्हर्ब’ संभाषणात आणि कथासाहित्यात विपुल, तर विद्याविषयक गद्यात विरळ असल्याचे दाखवले आहे. आपला विद्यार्थी इंग्रजी मुख्यतः पाठ्यपुस्तकांतून शिकतो. म्हणून ‘टॉलरेट’ त्याला येते आणि ‘पुट अप विथ’ ऐकले की तो अडखळतो. मुलाखतीच्या खोलीत किंवा दूरध्वनीवर ही उणीव उघडी पडते.

वाक्यातील जागा

‘तो अस्खलित इंग्रजी बोलतो’ आणि ‘तो इंग्रजी अस्खलित बोलतो’ ही दोन्ही वाक्ये मराठीत निर्वेध आहेत. इंग्रजीत क्रियापद आणि त्याचे कर्म यांच्यामध्ये क्रियाविशेषणाला सहसा शिरकाव नाही. ‘ही स्पीक्स फ्लुएंटली इंग्लिश’ हे म्हणूनच खटकते. ही अट सर्व युरोपीय भाषांना लागू नाही. फ्रेंचमध्ये नेमका हाच क्रम स्वाभाविक आहे, आणि इंग्रजी व फ्रेंच यांच्यातील या भेदावर ज्याँ-इव्ह पोलॉक यांचा १९८९ सालचा वाक्यविन्यासविषयक प्रसिद्ध लेख उभा आहे. कर्म बरेच लांब असेल तर इंग्रजीही सवलत देते.

वारंवारता सांगणारे ‘ऑलवेज’, ‘ऑफन’, ‘नेव्हर’ हे शब्द साधारणतः मुख्य क्रियापदाच्या आधी आणि ‘बी’च्या रूपांनंतर बसतात. हा भाग पाठ्यपुस्तके नीट शिकवतात, म्हणून येथे त्याचा विस्तार नको. ‘ओन्ली’ची कथा थोडी वेगळी. मराठी ‘च’ शब्दाला शेवटी चिकटतो, ‘मी इथेच आहे’. त्याचे ‘आय अ‍ॅम हिअर ओन्ली’ होते आणि इंग्रजी माणसाला त्यातून ‘फक्त इथे’ असा भलताच अर्थ लागतो.

जागा बदलल्याने अर्थ बदलतो, याकडे तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन यांनी १९५६ सालच्या एका व्याख्यानात लक्ष वेधले. गोगलगायीवर कोणी ‘क्लम्झिली’ पाय ठेवला, हे क्रियाविशेषण वाक्याच्या शेवटी असेल तर पाय ठेवण्याची रीत बेंगरूळ होती, असा अर्थ होतो. आरंभी असेल तर पाय पडणे हाच बेंगरूळपणा ठरतो. त्याच व्याख्यानात त्यांनी आणखी एक मुद्दा मांडला, आणि अध्यापनाच्या दृष्टीने तो अधिक मोलाचा आहे. क्रिया नेहमीच्या रीतीने घडली असेल तर नित्य भाषेत क्रियाविशेषण लागत नाही, किंबहुना ते खपतही नाही. कोणी जाणूनबुजून खुर्चीवर बसला असे सांगितले, की त्यात काहीतरी वेगळे घडले असले पाहिजे, असा ऐकणाऱ्याचा तर्क होतो. निबंधाला वजन यावे म्हणून प्रत्येक क्रियापदाला एक ‘ली’कारान्त शब्द जोडणाऱ्या विद्यार्थ्याला हा विचार अवश्य सांगावा.

क्रियाविशेषणाच्या जागेवरून एकदा राज्यघटनेचा प्रश्न उभा राहिला होता. २० जानेवारी २००९ रोजी बराक ओबामा यांना अमेरिकेच्या अध्यक्षपदाची शपथ देताना सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनी शब्द स्मरणातून उच्चारले, आणि घटनेत ‘एक्झिक्यूट’ या क्रियापदाच्या आधी असलेले ‘फेथफुली’ वाक्याच्या शेवटी गेले. ओबामा क्षणभर थांबले. पुढे शंकेला जागा नको म्हणून दुसऱ्या दिवशी शपथ पुन्हा देण्यात आली. सहायक क्रियापद आणि मुख्य क्रियापद यांच्यामध्ये क्रियाविशेषण घालू नये, या एकोणिसाव्या शतकापासून चालत आलेल्या निराधार संकेताचा पगडा यामागे असावा, असे स्टीव्हन पिंकर यांनी लगेच लिहिले. घटनेचा मूळ मसुदा त्या संकेताआधीचा असल्याने त्यात ‘फेथफुली’ आपल्या स्वाभाविक जागी होते.

अध्यापनातील उपयोग

क्रियाविशेषणांची स्वतंत्र यादी देण्याऐवजी क्रियापदाच्या नोंदीतच त्याचे सोबती लिहून घेण्याची सवय विद्यार्थ्यांना लावता येते. ‘रिफ्यूज’ शिकवताना ‘फ्लॅटली’, ‘रिग्रेट’ शिकवताना ‘डीपली’ आणि ‘बिटर्ली’. २००२ साली प्रथम प्रसिद्ध झालेला ऑक्सफर्डचा शब्दसंगतींचा कोश याच पद्धतीने रचलेला असून, त्यात क्रियापदाखाली त्याची क्रियाविशेषणे मिळतात. ग्रीनबॉम यांची वाक्यपूर्तीची चाचणी वर्गात दहा मिनिटांत घेता येते. मात्र ती आधी मराठीत घ्यावी. ‘तो ढसाढसा’ आणि ‘त्याने साफ’ ही अपुरी वाक्ये फळ्यावर लिहिली, की बहुतेक सगळा वर्ग एकच क्रियापद सांगेल किंवा दोन क्रियापदांत विभागला जाईल. त्यानंतर ‘आय बॅडली’ लिहावे आणि वर्गाला थोडा वेळ द्यावा.